ओट्यासमोरची मोजणी

मुक्काम हुबळीच्या अलीकडे, रस्त्याची डावी कड
आषाढातला दुसरा मंगळवार

तीर्थरूप नानांच्या पायांवर जितेंद्रचे दंडवत. पाय मागे घेऊ नयेत, हे नुसतं पत्र आहे, मी स्वतः आलेलो नाही.

मोठी आईलाही दंडवत. मयुरीला आशीर्वाद, कारण ती माझ्याहून तीन वर्षांनी लहान आहे आणि आशीर्वाद देता येईल असं मला जगात दुसरं कोणी नाही. इकडे मी बरा आहे. पाऊस आहे, खुर्ची आहे, छत्रीला दोन भोकं आहेत. तुमचा मोतीबिंदू काढला की नाही ते कळवावे. काढला नसेल तर हे पत्र मयुरीच वाचून दाखवत असणार, म्हणून तिच्यापुरता मजकूर मी कंसात घातला आहे. (मयुरी, कंस आला की मनात वाचायचं आणि पुढच्या ओळीवर जायचं. नानांनी विचारलं का थांबलीस, तर म्हण अक्षर लागत नाही. माझं अक्षर त्यांना माहीत आहे, ते मानतील.)

पत्र अशासाठी की फोन केला की तुम्ही 'हालो' म्हणता, माझा आवाज ऐकता आणि ठेवून देता. दीड वर्षात हे एकोणीस वेळा झालं. मोजण्याचाच माझा धंदा आहे, त्यामुळे आकड्यात चूक नाही. पत्र ठेवून दिलं तरी ते घरातच राहतं, फडताळावर का होईना.

धुळ्याला जे झालं ते आधी लिहितो, म्हणजे तुमचा राग पत्राच्या मध्येच उठणार नाही, सुरुवातीलाच उठून बसेल. नववीत दोनदा बसून मी शाळा सोडली, मग टायरच्या दुकानात चार महिने, केळीच्या कापणीवर दोन हंगाम आणि जळगावला कुलरच्या कारखान्यात नऊ दिवस काढले. गाडीत नुसतं बसून राहायचं काम तरी या पोराला जमेल, म्हणून तुम्ही मला हितेंद्रदादाच्या केळीच्या ट्रकवर दिल्लीपर्यंत सोबतीला पाठवलंत. धुळ्याच्या हमरस्त्यावर दादा टायर ठोकून बघत होता आणि मी चहाला उतरलो. शेजारी दक्षिणेकडचा एक ड्रायव्हर बशीत चहा ओतत होता. त्याने विचारलं, समुंदर देखा है? मी नाही म्हणालो. तो म्हणाला, चल. नाना, तुम्ही कितीही विचार केलात तरी याच्यापेक्षा जास्त काही घडलेलं नाही. त्याचा ट्रक हुबळीला रिकामा झाला. हुबळीला समुद्र नाही, हे मला उतरल्यावर कळलं. अजूनही मी तो पाहिलेला नाही.

तिकडे दादा चार तास मला शोधत होता. ढाब्याच्या मागे, टाकीत, गाड्यांखाली. शेवटी दवाखान्यात त्याला एक झाकलेला माणूस दाखवला. तो मी नव्हतो, पण ते कळायला चादर दादालाच उचलावी लागली. हे मला तिसऱ्या दिवशी समजलं, जेव्हा मी हुबळीहून फोन करून मोठ्या खुशीत विचारलं की जेवलात का. तुम्ही आधी चादरीचं सांगितलंत. मग म्हणालात, "आमनासाठे तू धुयालेच मरी गया. यंदापासून तुनी मूठ नही."

मुठीचं मला कोणी सांगायला नको, तरी लिहितो, कारण लिहिताना तेवढा वेळ घरात गेल्यासारखं वाटतं. श्रावणात कानबाई देवी बसायच्या आदल्या दिवशी आपल्या ओट्यावर रोटाचे गहू मोजतात. भाऊबंदांतल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे. म्हातारा असो, पाळण्यातला असो, सुरतेला कामाला असो, नाव घेतलं की तो घरचा. त्या पिठाच्या पोळ्या घरच्यांनीच खायच्या, बाहेरच्याला तुकडासुद्धा द्यायचा नाही. माझ्यासकट आपल्या मुठी तेवीस होत्या. (मयुरी, तुझी मूठ कधी नव्हतीच. मोठी आईचीही नाही. ती इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मुठींच्या पोळ्या लाटते आहे आणि तुम्ही दोघी कधी काही बोलला नाहीत. हे मला स्वतःची मूठ गेल्यावर सुचलं. फार उशिरा सुचलं.)

तर हुबळीला मी गाड्या मोजायच्या कामाला लागलो. कंपनी एक खुर्ची देते, एक छत्री, एक पाटी आणि छापील कागद. कागदावर रकाने असतात: दुचाकी, जीप, एसटी, टेम्पो, ट्रॅक्टर, बैलगाडी, आणि ट्रकचे तीन, चाकांचे आस किती त्याप्रमाणे. गाडी गेली की तिच्या रकान्यात एक उभी रेघ. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. शाळेला मला जे दहा वर्षांत शिकवता आलं नाही ते इथे दुपारच्या जेवणाआधी शिकवून झालं. काम मला मानवलं आहे. पूर्वी सगळे एका जागी बसलेले असायचे आणि मी निघून जायचो. आता मी बसतो आणि बाकीचे निघून जातात. लोकांना वाटतं मी सुधारलो.

गेल्या श्रावणात आपल्या तिकडच्या सरकारला ठरवायचं होतं की राज्य महामार्गांपैकी कोणते रस्ते मालवाहतुकीचे म्हणून नेमायचे. नेमलेला रस्ता रुंद करणार, पूल पक्के करणार, चौदा चाकी नि अठरा चाकी गाड्या त्यावर मोकळ्या सोडणार. जो नेमला नाही त्यावर जड गाड्यांना बंदी. चोपड्याकडचा माल धुळ्याला नेणारे दोन रस्ते कागदावर होते, एक अमळनेर गावातून जाणारा आणि दुसरा बाहेर बाहेरून जाणारा, आपल्या लोणखेडीवरून. कंपनीच्या साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं आणि म्हणाले, तुझी भाषा तिकडची, तू जा. पण नियम असा की मोजणाऱ्याचं त्या गावात कोणी नसावं. साहेबांनी विचारलं, तुझं कोणी आहे का तिथे? मी म्हणालो, ते मला नक्की माहीत नाही. फॉर्मात 'हो' आणि 'नाही' असे दोनच चौकोन होते. त्यांनी 'नाही'वर खूण केली. म्हणजे तुम्ही आणि साहेब, एकमेकांना न भेटता, एकच म्हणालात.

खुर्ची कुठे टाकायची ते नकाशात ठरलेलं होतं, किलोमीटरच्या दगडापासून वीस पावलं. वीस पावलं मोजली तर ते आपलं कडुलिंबाचं झाड निघालं. लिंबासमोर रस्ता, रस्त्यापलीकडे आपला हिरवा ओटा. नाना, गेल्या श्रावणात सात दिवस लिंबाखाली जो नारिंगी जाकीटवाला बसला होता, तो मी. डोक्यावर पिवळं हेल्मेट, डोळ्यांवर काळा चष्मा, तोंडाला रुमाल. रुपचंद म्हणून माझा जोडीदार होता, धुळ्याचा, रात्रीची पाळी त्याची. त्याने विचारलं रुमाल कशाला, तर मी म्हणालो धूळ. मला कोणी ओळखलं नाही. आपलं कुत्रं रोज येऊन माझ्या पायावर झोपायचं, पण त्याचं कोण ऐकतं.

गावात बातमी पसरली की रस्ता मोजायला माणूस बसलाय. सरपंचांनी सभा घेतली आणि ठरलं की काही झालं तरी रस्ता अमळनेरवाल्यांकडे जाऊ द्यायचा नाही. दुसऱ्या दिवसापासून गावातले चार केळीचे ट्रक धुळ्याकडे जायचे, देवळामागून वळायचे, चोपड्याकडे जायचे आणि परत यायचे. ट्रकवाल्यांना थांबवून गाडीचा नंबर लिहायचा आणि कुठून आलात, कुठे चाललात, माल काय, एवढं विचारायचं हेही माझंच काम. एक जण तिसऱ्या फेरीला कंटाळला. म्हणाला, "लोणखेडीथून वनू, लोणखेडीले चालनू, माल काय शे ते सरपंचले इचार." मी तसंच्या तसं लिहिलं.

आणि तुम्ही ट्रॅक्टर काढलात. अकरा फेऱ्या मारल्यात, माझ्याकडे नोंद आहे. ट्रॉलीत पहिल्या फेरीला केळीचे घड होते, दुसऱ्या फेरीला तेच घड, पाचव्या फेरीला घड उतरवून कपाशीची रिकामी पोती भरलीत, म्हणजे मला वाटावं दुसराच ट्रॅक्टर. दर फेरीला माझ्यापाशी थांबायचात. "लिखं का रे भो?" मी हिंदीत म्हणायचो, हां जी, लिख दिया. तुमच्या डोळ्यांना मी नुसता नारिंगी ठिपका दिसत असणार. नवव्या फेरीला तुम्ही इंजिन बंद केलंत आणि माझ्या छत्रीखाली तंबाखू मळत उभे राहिलात.

"कोठला शे रे तू?"

बाहर का हूँ, मी म्हणालो.

"बाहेरना पोरं बरी रे. एक जागे बठतस. आमना घरना एक व्हता, तो रस्ता मोजाना बी कामना नव्हता."

मी ट्रॅक्टरच्या रकान्यात एक रेघ ओढली आणि तुम्हाला दाखवली. तुम्ही खूश होऊन गेलात. खरं तर मालवाहतुकीच्या आकड्यात ट्रॅक्टर धरतच नाहीत, तुमच्या अकराच्या अकरा फेऱ्या फुकट होत्या. ते मला पहिल्याच फेरीला सांगता आलं असतं. पण मग दुसरी झाली नसती.

शनिवार उजाडला. कानबाईसाठी केळीची कापणी बंद, ट्रक बंद, आणि सरपंचांच्या फेऱ्याही बंद, कारण ड्रायव्हरांच्या घरीही कानबाई. नऊ ते दहा या तासात रस्त्यावरून एक एसटी गेली आणि एक म्हैस. म्हशीला रकाना नाही. मग मोठी आईने ओट्यावर सूप आणून ठेवलं, तुम्ही हात धुऊन बसलात, भाऊबंद भोवती उभे राहिले. मला समोरून सगळं दिसत होतं. ऐकू मात्र काही येईना, कारण डीजेवाल्याने नेमका त्याच वेळी मिरवणुकीचा आवाज लावून बघायला घेतला. तुमचे ओठ हलायचे, मूठ पडायची, उरलेला पाव भाग पडायचा, पुन्हा ओठ हलायचे. एवढ्या लांबून ओठांवरून नाव ओळखता येत नाही, मी खूप प्रयत्न केला. डोळे तुमच्या हातावर आणि माझा हात त्याच्या सवयीवर. मूठ पडली की रेघ. मूठ पडली की रेघ. तुम्ही सूप उचलून आत गेलात तेव्हा मी खाली कागदाकडे पाहिलं. सगळ्यात जड ट्रकच्या रकान्यात तेवीस रेघा होत्या.

कागद फाडता येत नाही, त्याला नंबर असतो. खोडलं तर सही करून कारण लिहावं लागतं. आता कारण काय लिहिणार? घरची माणसं ट्रकच्या रकान्यात पडली, असं? म्हणून राहू दिलं. हे एक झालं. दुसरं असं की तो कागद सोडला तर त्या दिवसाचं माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं.

पुढचं ऐका. कंपनीच्या संगणकाने पकडलं की चार ट्रक नुसते गोल फिरताहेत. त्यांचे नंबर लिहिलेले होते, त्यामुळे ते सगळे कापले गेले. माझ्या तेवीस गाड्यांना नंबरच नव्हते, म्हणून त्या वाचल्या. साहेब म्हणाले, एवढी गर्दी झाली की बिचाऱ्याला नंबर टिपायलाही सवड मिळाली नाही. तो सगळ्यात गर्दीचा तास धरला, त्याला कसल्या तरी आकड्याने गुणलं, आलं त्याला पुन्हा गुणलं, आणि अमळनेरचा रस्ता मागे पडला. लोणखेडीचा रस्ता मालवाहतुकीचा म्हणून नेमला गेला तो असा, आपल्या रोटाच्या गव्हावर. तुम्ही सरपंचांच्या शेजारी बसून पेढा खाल्लात असं रुपचंदकडून कळलं. मलाही साहेबांनी नवीन जाकीट दिलं.

चैत्रात साहेबांनी आम्हाला वरून काढलेला व्हिडिओ दाखवला, रुंद करायची हद्द कुठवर येते त्याचा. पडद्यावरून शेतं गेली, देऊळ गेलं, लिंब आला. लिंबाला काही नव्हतं. रस्ता आपल्या बाजूने सरकतो आहे. हिरव्या ओट्यावर लाल रंगाची फुली होती, आणि कानबाईचा चौरंग मांडतात तो कोपरा पुरा फुलीच्या आत. बाकीच्यांना ती फुली कोणी मारली ते माहीत नाही. मला माहीत आहे.

म्हणून हे पत्र. नाना, तुम्ही हरकतीचा अर्ज करा. त्यात लिहा की कानबाईच्या शनिवारी नऊ ते दहा एकही ट्रक गेलेला नाही, हव्या तेवढ्या माणसांना विचारा. माझं नाव घालायचं असेल तर घाला. नोकरी जाईल, पण तशीही मी ती किती दिवस टिकवणार, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे. खरी मोजणी झाली तर रस्ता अमळनेरवाल्यांना जाईल आणि ओटा राहील. सरपंच तुमच्याशी बोलायचे बंद होतील. माणूस बोलायचा बंद झाला की कसं वाटतं त्याची तुम्हाला दुसऱ्या बाजूने सवय आहेच.

(मयुरी, आता नीट वाच. मुठी तेवीस पडल्या. मी हुबळीला आलो तेव्हा हितेंद्रदादाच्या मोहिनी वहिनींना दिवस होते आणि मोजणीच्या वेळी त्या पहूरला माहेरी होत्या, त्यामुळे काय झालं ते मला समजलं नाही. मुलगा झाला असेल तर त्याची एक मूठ वाढली आणि माझी एक गेली, तेवीसला तेवीस. मुलगी झाली असेल तर तिची मूठ नाही, मग तेवीसावी मूठ माझी. हा हिशेब मी अकरा महिने करतो आहे, खाकी पाकिटांच्या पाठीवर, हाताच्या तळव्यावर. तेवढं एक कळव, मुलगा की मुलगी. रुपचंदला विचारायला लावता आलं असतं, पण मग त्याला सगळं सांगावं लागलं असतं. आणि हेही लिहून ठेवतो की दादाला मुलगी झालेली असावी असं मी रोज मनात म्हणतो, आणि ती झाल्याचा मला आनंद तिच्या मूठ नसण्यामुळे होणार आहे. असा काका तिला मिळाला आहे.)

पत्र वाचून झाल्यावर बंबात घातलंत तरी चालेल. फक्त वाचून झाल्यावर.

तुमचा, निदान आडनावापुरता,
जितेंद्र

ता. क. मोठी आईला एक विचारायचं राहिलं. सोमवारी कानबाई नदीला निघाली, सगळे वाजतगाजत मागे गेले आणि मोठी आई तेवढी रस्ता ओलांडून लिंबाखाली आली. केळीच्या पानात गुंडाळलेली पुरणपोळी तिने माझ्या पाटीवर ठेवली. मी म्हणालो, शुक्रिया माताजी. ती जाता जाता म्हणाली, "रुमाल धुवाले टाक." पोस्टमन, वायरमन अशा बाहेरच्यांसाठी ती दरवर्षी दुसऱ्या पिठाच्या चार पोळ्या बाजूला करून ठेवते, हे मला माहीत आहे. मला दिली ती रोटाच्या पिठाची होती की बाजूच्या पिठाची, तेवढं तिला विचारा. मी फार हळू खाल्ली, पण चवीवरून कळत नाही.

ता. क. दुसरे. वर अर्ज करा म्हणून एवढं लिहिलं, ते करू नका. आज सकाळी कळलं की अमळनेरवाल्यांनी आधीच हरकत घेतली आहे आणि फेरमोजणी लागली आहे. श्रावणातला तोच आठवडा, तीच जागा. लिंबाखाली मीच बसणार आहे. साहेबांनी पुन्हा विचारलं, गावात कोणी आहे का. मी म्हणालो, या वेळी परत आल्यावर सांगतो. तुम्ही ट्रॅक्टर काढू नका, डिझेल फुकट जाईल. काढलात तर मी नोंद करीन.

ता. क. तिसरे. (मयुरी, हा एकच कंस मोठ्याने वाच. दोनदा वाच. नाना, शनिवारी सकाळी डीजेवाल्याला तासभर थांबायला सांगा, आणि मुठी टाकताना नावं जरा मोठ्याने घ्या. माझं घेतलं नाहीत तरी मी उठून येणार नाही, आम्हाला खुर्ची सोडायची परवानगी नसते. यंदा पेन खिशात ठेवीन. रस्ता अजून रुंद झालेला नाही, लिंबापर्यंत आवाज पोचतो.)